शिंकं

हिवाळाभर शिवत होते,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आईच्या काळ्या मशीनवर.
हवेत उडणाऱ्या फुग्याचं फाटकं कापड, नारिंगी,
मिझुलाच्या एका माणसाकडून वीस डॉलरला घेतलेलं.
डेल दारात बूट झटकत म्हणाला,
"रॅग्ना, अस्वलाचा डबा भरतेस की काय?"
म्हटलं, हसू नकोस, दोरा ओवून दे,
नेढं दिसत नाही मला दिव्यात.

कड दुमडली, दुहेरी टीप घातली.
शेवटच्या हातभर शिवणीला दोरा संपला.
बाहेर गुडघाभर बर्फ, दुकान चाळीस मैलांवर,
म्हणून तेवढ्यापुरता हिरवा,
जुन्या पडद्यातून उसवलेला.
चालेल, म्हटलं.
दिवसाउजेडी सगळंच चालतं.

ऑगस्टात निघाले. स्कूल बस शेडमध्ये,
पाठीवर चौदा किलो.
हकलबेरी पिकल्या होत्या,
वाटेवर जागोजाग जांभळी विष्ठा, बियांनी भरलेली, ओली.
अस्वल दचकू नये म्हणून मोठ्याने बोलायचं असतं.
मला गाणं येत नाही.
मी हजेरी घेत चालले:
कोडी ब्रेनर. ट्विला, खाली बस.
लँडन, खिडकीबाहेरचा हात आत.
सत्तावीस वर्षांची पोरं,
काहींची आता दाढी पांढरी झालीय,
सगळी गप्प बसली जंगलात, पहिल्यांदाच.

जेवण शंभर पावलांवर टांगलं, उंच फांदीला,
टूथपेस्टसुद्धा, ओठांना लावायचं मलमसुद्धा.
मग स्वतःला टांगलं
दोन लार्चच्या मध्ये. अंधार पडत होता,
जी दोन झाडं नीट अंतरावर सापडली ती घेतली,
साल हाताने चाचपली नाही.
पडल्यावर लक्षात आलं:
एका जंगलात दोन शिंकी,
एकात पनीर आणि सुकं मांस,
एकात मी.
शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं म्हणतात.
इथला बोका अडीचशे किलोचा.

किती वाजले होते माहीत नाही.
आधी श्वास आला,
बसचा एअर ब्रेक सुटावा तसा, पायाकडून.
मग वास: ओलं घोंगडं, माती, कुजकं फळ.
स्प्रे हाताशी होता,
पण त्या पिशवीत मारायचा तर माझ्याच डोळ्यांत.
मी हिरव्या दोऱ्याचा विचार करत होते.
देवाचा नाही, मुलाचा नाही.
हातभर हिरव्या दोऱ्याचा,
तो कमरेखाली येतो की खांद्याखाली.

आणि मग झाड हललं.
सावकाश. पाठ घासत होतं ते,
वर, खाली, पुन्हा वर,
लार्चच्या खोडावर, माझ्या दोरीच्या वर कुठेतरी,
आणि दोरीतून ते सगळं माझ्याकडे येत होतं,
खाज, वजन, समाधान.
झोळी हलायला लागली.
तान्ह्याची झोळी जशी एखादी बाई
दुसऱ्या कामात असताना पायाने हलवते,
लक्ष न देता, पण लयीत.

पुढचं मी डेलला सांगितलं नाही.
मला झोप लागली.

सकाळी पाहिलं तर त्या बाजूचं खोड
बसच्या सीटसारखं गुळगुळीत,
चिकात अडकलेले केस, टोकाला रुपेरी,
सर्वांत वरचे माझा हात पोचत नव्हता तिथे.
किती वर्षांचं त्यांचं झाड, कोण जाणे.
मी आपली गाठ सोडली,
पाहुणीने चादर घडी करून ठेवावी तशी
पट्टा गुंडाळला, खाली पडलेली साल बाजूला केली.

"शिवण टिकली?" डेलने विचारलं.
टिकली.
फक्त हिरव्या टाक्यांची भोकं लांबट झालीत,
अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारखी.

सप्टेंबरात दोरा आणला, पक्का, नारिंगी, रंगाला रंग जुळणारा.
ती हातभर शिवण उसवली.
मशीनवर बसले,
नेढ्याशी बराच वेळ झटले एकटीच,
आणि हिरवाच ओवला.